‘खराब’ लिहिलेली कॅसेट

मित्रांनो, इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्यांच्या एका घरात, शिलाई मशीनशेजारी जो काळा डबा ठेवलेला आहे, तो मी. माझी मूठ तुटली म्हणून तिथे सुतळी बांधली आहे. बटणांवरची अक्षरं कधीच गेली. एका बटणावरचा लाल ठिपका तेवढा शाबूत आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलंही नसेल. मला टेपरेकॉर्डर म्हणतात. माझ्या हातून एका माणसाचा आवाज पुसला गेला. तो कसा, ते सांगायला मी बोलतो आहे.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या पोटात दोन हेड बसवले. पहिला पुसतो, दुसरा लिहितो. लाल बटण दाबलं की फितीवर आधी जे काही असेल ते पहिला हेड पुसून टाकतो आणि मग दुसरा तिथे नवा आवाज लिहितो. हा क्रम मला बदलता येत नाही.

बावीस वर्षांपूर्वी रुपरावांनी मला या घरात आणलं. ते हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि सुटीच्या दिवशी गायन पार्टीचे मुख्य गायक. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात दोन पार्ट्या समोरासमोर बसत. एकीनं गाणं टाकलं की दुसरीनं त्याच तोडीचं उत्तर द्यायचं. नवी चाल म्हणजे झाकून ठेवायची वस्तू. समोरच्या पार्टीचे लोक ‘सहज आलो’ म्हणत घरी यायचे, चहा प्यायचे आणि जाताना एखादी कॅसेट उचलून न्यायचे. म्हणून आपल्या चांगल्या कॅसेटवर भलतंच काहीतरी लिहून ठेवायची पार्टीवाल्यांची रीत होती.

एका रविवारी दुपारी रुपराव माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि स्वतः रचलेलं गाणं त्यांनी चार वेळा गायलं. फीत रिकामी वाटावी म्हणून सुरुवातीची दोन मिनिटं त्यांनी मुद्दाम कोरी सोडली. पुन्हा कोणी त्यावर भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा दात मोडला. वर चिठ्ठी चिकटवली आणि निळ्या शाईनं लिहिलं : खराब.

ते दिवस माझ्या मानाचे होते. इंदूबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला भरतकाम केलेलं आवरण शिवलं होतं. पण पुढच्याच वर्षी रुपरावांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली फक्त कुजबुज. ती कॅसेट त्यांनी पुन्हा कधी लावली नाही. घरातही कोणी लावा म्हटलं नाही. मी पलंगाखाली गेलो. मागच्या वर्षी रुपराव वारले. त्यांचा मुलगा प्रीतम आता तेवीस वर्षांचा आहे. बापाला गाताना ऐकल्याचं त्याला काहीच आठवत नव्हतं. मित्रांनो, रुपरावांचं गाणं जगात फक्त त्या एका फितीवर होतं, आणि हे माहीत असलेला मी मुका होतो.

प्रीतमही हिंगण्यालाच पहिल्या पाळीत जातो. त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असतं आणि ती मतं तो मोबाईलवरून लोकांना ऐकवतो. या उन्हाळ्यात मित्रानं त्याला सुचवलं, “कॅसेटवर बोल न बे. तो जुना खरखर आवाज येते न, पब्लिकले आवडते.”

प्रीतमनं मला पलंगाखालून काढलं. इंदूबाई तेव्हा आठवडाभर नरखेडला बहिणीकडे गेल्या होत्या. त्यानं माझी धूळ पुसली, नवा पट्टा बसवला, कापसावर स्पिरिट घेऊन दोन्ही हेड चकचकीत केले. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला हात लावत होतं. मी सुखावलो. मग त्यानं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून ती कॅसेट काढली.

चिठ्ठी वाचून तो म्हणाला, “खराब? चला, कामाची हाये.” मिनिटभर लावून पाहिली. नुसती खरखर. मोडलेल्या दाताच्या जागी त्यानं चिकटपट्टी लावली.

मी जमेल ते केलं. पट्टा घसरवला. चाक अडवलं. त्यानं माझ्या डोक्यावर थाप मारली, “चाल न बे म्हाताऱ्या!” आणि लाल बटण दाबलं.

“नमस्कार मंडळी, मी प्रीतम. आजचा पहिला विषय, लग्नातला डीजे. काहून गा एवढा आवाज? नवरदेवाची आजी कानात कापूस कोंबून जेवून राहिली, अन् पोट्टे म्हणून राहिले, बेस कमी हाये!”

पहिलं कडवं गेलं.

“विषय दुसरा. तर्रीशिवाय पोहे खाणाऱ्या माणसाचा मी अपमान करत नाही. पण त्याच्यासंगं बसत बी नाही.”

पोरगा छान बोलत होता. मी ते नीट लिहीत होतो आणि लिहिण्याआधी नीट पुसत होतो. स्वच्छ केलेला हेड काहीही मागे ठेवत नाही.

“आता शेवटचं. जुन्या गाण्याले नवा बीट लावता अन् रील टाकता. मूळ कोण गायलं, नाव सांगा बरं? नाही न माहीत? आपल्या लोकायले आवाज जपताच येत नाही.”

तो सत्तावीस मिनिटं बोलला. चारही वेळचं गाणं संपलं.

आठवड्यानं रुपरावांचा पहिला स्मृतिदिन आला. वंदना झाली, पाहुणे जेवून गेले. इंदूबाई म्हणाल्या, “प्रीतम, तुह्या बाबाचं गाणं लाव गा आज. मले ऐकाचं हाये.”

“बाबाचं गाणं? हाये कुठी?”

“पेटीत पाय. खराब लिहिलेली कॅसेट हाये. चाल चोरतीन म्हणून तसं लिहिलं होतं त्याईनं.”

प्रीतम उभाच राहिला. मग खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. इंदूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. तो मला घेऊन सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्याकडे धावला. त्या माणसानं कॅसेट उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. “पुसलेलं येत नाही भाऊ. कोणाकडंच जाऊ नको.”

घरी येऊन त्यानं फीत सुरुवातीपासून लावली. सत्तावीस मिनिटं तो स्वतःचीच मतं ऐकत बसला, शब्दांमागे काही उरलंय का म्हणून कान माझ्या जाळीला लावून. काहीच नव्हतं. त्याचं बोलणं संपलं. मी फिरत राहिलो. आणि शेवटच्या तुकड्यात एक भरदार आवाज आला :

“इंदू, पाणी आण वं थोडं.”

“उठा अन् घ्या. पोरगं झोपलं हाये मांडीवर.”

हसू. भांड्याचा आवाज. मग फीत संपली. अकरा सेकंद.

“हा बाबाचा आवाज?” प्रीतमनं विचारलं. इंदूबाईंनी मान डोलावली. “पाणी नाही देल्लं मी,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, जपलेल्या वस्तूवर तिचं खरं नाव लिहा. ती कशाची आहे हे घरातल्या लहानांना सांगा. आपल्यामागून ते सांगायला माझ्यासारख्या डब्याला तोंड नसतं. आणि कोणाचीही फीत हाती आली तर लाल बटण दाबण्याआधी ती शेवटपर्यंत ऐका. मिनिटभर ऐकून ठरवू नका.

प्रीतमनं ते अकरा सेकंद मोबाईलमध्ये घेतले आहेत. इंदूबाईंना मोबाईलवरचे चालत नाहीत. रोज स्वयंपाक आटोपला की त्या माझ्यासमोर येऊन बसतात. दर वेळी फीत थोडी झिजते, हे प्रीतमला कळतं, मलाही कळतं. काल त्यानं हळूच म्हटलं, “आई, असंच लावत राहिलो तर हेही जाईन.”

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “लाव.”

मी फिरतो.