तेवीस डोकी

पोहण्याच्या तलावावर पाळी बदलायची, तलाव सांभाळणाऱ्या मास्तरांची एक रीत होती. खुर्चीवरून उतरणाऱ्या जीवरक्षकाने पाण्यातली डोकी मोजायची आणि 'हँडिंग ओव्हर' म्हणून आकडा सांगायचा. चढणाऱ्याने स्वतः मोजून तोच आकडा परत म्हणायचा.

"मास्तर, सरळ 'तुला दिलं' म्हटलं तर?" जीवरक्षक म्हणून लागलेल्या ताईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"देणं वेगळं. 'हँड ओव्हर' म्हणजे ताबा देणं. पाळी, किल्ली, पकडलेला चोर, असल्या गोष्टींना म्हणतात. समोरच्याने धरल्याशिवाय आपला हात सुटत नाही."

"आणि सुट्टीत मामाकडे पाठवलेली पोरं?"

"ती तर पावती घेऊनच द्यावीत."

आज चार वाजता तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. पुढच्या पाळीचा लेटलतीफ दारात दिसला, तशी ती वरूनच म्हणाली, "हँडिंग ओव्हर, तेवीस." त्याने मान हलवली. ती उतरली.

कपडे बदलायच्या खोलीत एक चप्पल पायात सरकवली आणि तिच्या लक्षात आलं. आकडा परत आलाच नव्हता.

ती एका चपलेनिशीच धावली. खुर्ची रिकामी. लेटलतीफ भिंतीकडे तोंड करून शिट्टीच्या दोरीची गाठ सोडवत होता.

"अरे, घेतलंस ना?"

"घेतो गं. ही गाठ तेवढी सुटू दे."

तिने मोजलं. बावीस. बोट दाखवत पुन्हा मोजलं. बावीसच. हिरव्या टोपीची सात वर्षांची मुलगी मघाशी शिडी धरून पाय मारत होती. शिडीपाशी आता कुणीच नव्हतं.

ताईने उडी घेतली. शिडीमागे, तळाशी, टोपी दिसली. पोरीचा हात हाती लागला, पण तो हात तिला धरत नव्हता.

लेटलतीफाने वरून ओढून घेतलं. दोघांनी तिला कुशीवर वळवलं. ती पाणी ओकली, खोकली आणि मग तिने भोकाड पसरलं. मास्तर रुग्णवाहिकेला फोन लावत होते.

"आण, मी बघतो तिला," लेटलतीफ म्हणाला. त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"तू पाण्याकडे बघ. बावीस आहेत."

त्याने मोजले, एकेक करून. "बावीस. घेतलं."

मुलीची आई धावत आली. ताईने पोर तिच्या हातांवर ठेवलं, पण स्वतःचे हात काढले नाहीत.

"धरलंत?"

आई नुसतीच मान हलवत राहिली.

"तोंडाने सांगा, बाई."

"धरलं."

मग कुठे ताईने हात काढले. आता ते कुठे ठेवावेत, हे तिला कळेना.