श्यामलाबाईंच्या गॅरेजातली मांडणी

मित्रांनो, मांडणी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातले डबे उभे राहतात. मी त्या कुळातली नाही. विश्रांतवाडीतल्या एका अत्यंत सुशिक्षित सोसायटीत, गाडी नसलेल्या गॅरेजच्या भिंतीला मी गेली कित्येक वर्षे खिळून आहे. मला जुनी म्हणा, निरुपयोगी म्हणा. दोन्ही खरे आहे. फक्त माझ्याजवळ येताना पावले वाजवत या. संशय हा माझा मूळ स्वभाव नव्हे. तो मला सभ्य माणसांनी शिकवला.

पूर्वी मी खाट होते. खडकीच्या दोन खोल्यांत अमिनाबी माझ्या नवारीवर दुपारची झोप घेत. झोपलेल्या माणसाचा संशय घेता येत नाही, म्हणून ते माझे सुखाचे दिवस. मग त्यांची मुलगी मुमताज हिने होडी घेतली. एकट्याने बसून दुहेरी वल्ह्याने चालवायची, लांब, निमुळती, पिवळ्या प्लास्टिकची होडी. तिला कयाक म्हणतात. मुमताज खराडीला संगणकाच्या कंपनीत नोकरी करी आणि त्या नोकरीचा तिला मनापासून वीट आला होता. मे महिन्याच्या अखेरीस धरणाच्या पाण्यावर प्रशिक्षकाची परीक्षा होती. उमेदवाराने होडी स्वतःची आणायची. उत्तीर्ण झाल्यास तिथल्याच जलक्रीडा केंद्रात कायमची जागा. तिचे सारे लक्ष त्या एका जागेवर होते.

पण होडी ठेवायची कुठे? खडकीच्या घरात ती दारातून वळेना. तेव्हा मुमताजच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका श्यामलाबाई म्हणाल्या, "माझं गॅरेज रिकामंच आहे. आण इथे."

मुमताजने वडिलांच्या, मेहबूबभाईंच्या मदतीने खाट मोडली.

"माझ्या माहेरची खाट आहे ती," अमिनाबी म्हणाल्या. "होडीला झोपायला खाट, आणि मला?"

"तुला पलंग आणतो," मेहबूबभाई म्हणाले.

"वीस वर्षं आणताय."

अशा आशीर्वादात माझा जन्म झाला. खाटेच्या लांब पट्ट्या भिंतीत बोल्टने बसवून उभे खांब झाले. खाटेचे चार पाय झाले माझे हात. प्रत्येकाखाली तिरपा टेकू. पहिल्या खेपेला हात सरळ बसले आणि होडी घसरू लागली. मुमताजने ते सोडवले आणि टोके किंचित वर उचलून पुन्हा बसवले. वरच्या हातापासून खालच्या हातापर्यंत तीच जुनी नवार झोळीसारखी सोडली. होडी पोटावर ठेवायची नसते, पोटाला बाक येतो. तिला कुशीवर निजवायची, दोन्ही टोकांपासून थोडे आत आधार द्यायचा आणि मधला भाग मोकळा ठेवायचा. शेवटी मेहबूबभाई स्वतः माझ्या हाताला लोंबकळले.

"अब्बा, तुम्ही होडी नाही!"

"होडी माझ्याहून हलकी आहे. मी टिकलो तर ती टिकेल."

ते टिकले. श्यामलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची वाहवा.

होडी कापडात गुंडाळून आणताना सोसायटीचे अध्यक्ष शरच्चंद्रराव फाटकात उभे होते.

"हे काय आहे?"

"होडी आहे, काका."

"होडी? विश्रांतवाडीत? इथं पाणी कुठंय?"

"होडी पाण्यात चालते, काका. ठेवतात कोरड्यातच."

शरच्चंद्ररावांना उत्तर आवडले नाही. उत्तर बरोबर होते, हे त्याहून आवडले नाही. पुढे त्यांनी मुमताजचे संपूर्ण नाव विचारले, मग वडिलांचे, मग राहण्याचे ठिकाण. खडकी हे उत्तर आल्यावर ते "अस्सं" म्हणाले. मित्रांनो, या शहरात "अस्सं" हा शब्द पूर्ण चौकशी, निकाल आणि शिक्षा अशा तिन्ही कामांना पुरतो.

त्या दिवसापासून शटरखालच्या फटीतून मला चपला दिसू लागल्या. येत, थांबत, बराच वेळ थांबत, निघून जात. मग एक दिवस सोसायटीची समितीच आली. त्यांनी होडीवर टकटक केली, आत हात घातला, होडीतले पाणी टिपायचा स्पंज पिळून पाहिला. एक शिट्टी सापडली.

"ही कशाला? कोणाला इशारा द्यायला?"

"बुडायला लागले तर कोणीतरी यावं म्हणून," मुमताज म्हणाली.

कोणी हसले नाही. निर्णय झाला तो असा: परीक्षेपर्यंत होडी हलवायची नाही, तिला मांडणीशी साखळीने बांधायचे, कुलपाची किल्ली अध्यक्षांकडे. याला त्यांनी सुवर्णमध्य असे नाव दिले.

"निदान साखळी सैल ठेवा, काका. उकाड्यात हे प्लास्टिक मऊ पडतं."

"सैल ठेवायची तर साखळी हवी कशाला?"

मुमताजने श्यामलाबाईंकडे पाहिले. गॅरेज त्यांचे होते. एक "नाही" पुरले असते.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

येता-जाता होणाऱ्या चौकशीला कंटाळून मुमताज येईनाशी झाली. सराव ती केंद्राच्या होडीवर करू लागली. इकडे एका दुपारी शटर हलकेच वर गेले. घरात घालायच्या मऊ सपाता आत आल्या. श्यामलाबाईंनी मागे वळून पाहिले, कापड उचलले आणि होडीच्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घालून चाचपले. काही नव्हते. त्यांनी कापड होते तसे, शाळेतल्या शिस्तीने, घडी जुळवून झाकले. अध्यक्षांच्या संशयाचा मला राग आला होता. बाईंच्या संशयाने मला थंडी भरली.

एप्रिलमध्ये वरचा पत्रा तापू लागला. माझ्या मोकळ्या मधल्या भागात साखळीचा वेढा पडला होता. तिथे होडीचे पोट मऊ होऊन किंचित आत गेले, त्यामुळे साखळी किंचित ढिली झाली. शरच्चंद्रराव पाहणीला आले. त्यांना ढिली साखळी दिसली.

"बघा! कोणीतरी हलवलंय."

"किल्ली तर तुमच्याकडेच आहे," श्यामलाबाई म्हणाल्या.

"तेच तर. किल्लीशिवाय हलवलंय, म्हणजे केवढे हुशार लोक असतील!"

त्यांनी एक कडी आवळली. पोट आणखी आत गेले. साखळी पुन्हा ढिली झाली, पुरावा पुन्हा सापडला, पुन्हा एक कडी आवळली गेली. विद्वत्तेत ज्याला पडताळा म्हणतात, तो माझ्या अंगाखांद्यावर असा चालला होता. संशय स्वतःच खड्डा करी आणि स्वतःच त्यात बोट घालून खात्री पटवून घेई. दर वेळी शटर उघडून देत होत्या श्यामलाबाई. मला करकरण्यापलीकडे काही येत नव्हते. मी करकरले. त्यांनी माझ्या बोल्टमध्ये तेल सोडले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुमताज आणि मेहबूबभाई टेम्पो घेऊन आले. कुलूप निघाले. शरच्चंद्रराव प्रसन्न होते.

"पाहा, एवढं करून काही गैर निघालं नाही. आम्हालाही बरं वाटलं."

मुमताजने होडी उलटी केली. मधोमध परातीएवढा खळगा होता. तिने त्यावर तळहात ठेवला.

"निघालं ना, काका," ती म्हणाली. "हे बघा."

ते पाहायला शरच्चंद्रराव थांबले नाहीत. तिने होडी उन्हात ठेवली, आतून दाबली, गरम पाणी ओतले. खळगा उथळ झाला, गेला नाही. तशीच ती टेम्पोत चढवून दोघे निघून गेले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मेहबूबभाई एकटेच आले. गॅरेजात राहिलेले तिचे जीवरक्षक जाकीट न्यायला.

"काय झालं परीक्षेचं?" श्यामलाबाईंनी विचारले.

"होडी सरळ जाईना, बाई. एका बाजूला ओढायची. पोरीचं निम्मं बळ तिला वाटेवर आणण्यातच गेलं. जागा दुसऱ्याला मिळाली."

"म्हणजे आता?"

"आता खराडी. सकाळीच गेली कामावर."

श्यामलाबाईंनी पदर सारखा केला.

"यंदा उन्हाळाच फार कडक होता, नाही?"

मेहबूबभाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"होय बाई," ते म्हणाले. "फार कडक होता."

"चहा घेऊन जा ना."

"पुढच्या वेळी."

ते पुन्हा आले नाहीत. माझ्या हातांवर हल्ली सोसायटीच्या मांडवाचे सामान असते. लांबच लांब, कापडात गुंडाळलेले, दोरीने बांधलेले. आत काय आहे, हे आजवर कोणीही विचारलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या गॅरेजात कोणाची होडी आली, तर तिला कुशीवर निजवा, मधला भाग मोकळा सोडा, उन्हाळ्यात पट्टा सैल करा. एवढी काळजी कोणीही सांगेल. माझे मागणे याहून थोडे अवघड आहे. तुमच्या छपराखाली तुमच्या माणसाच्या वस्तूला कोणी साखळी घालू लागला, तर त्याच क्षणी, सर्वांसमक्ष, नाही म्हणा. मी लाकूड आहे. मला बोलता येत नव्हते.