मधे मधे छान असते

माणूस रडायला लागला की लोक त्याला डॉक्टरकडे नेतात, आणि हसायला लागला की सुटकेचा श्वास सोडून आपापल्या कामाला लागतात. मास्तरणीची अकरा वर्षं या एका खुळचटपणापायी वाया गेली.

मास्तरीण म्हणजे कपड्यांच्या कारखान्यातली कटर. तिथे गणवेश शिवायचे. इस्पितळांचे, हॉटेलांचे, गॅरेजवाल्यांचे. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवून खडूने आखायचं आणि उभ्या पात्याच्या मशीनने सगळे थर एका दमात कापायचे. हात सूतभर सरकला की साठ बाह्या कचऱ्यात. बाईमाणसाच्या हातात कटिंग देतात का, असं विचारणारे सगळे तिचा हात बघून गप्प झाले होते. तिची थोरली बहीण, ताई, त्याच कारखान्यात काजबटणाच्या मशीनवर बसायची. दोघी एकाच घरात राहायच्या. मास्तरणीचा नवरा तिचं पहिलं दुखणं बघूनच पळाला होता. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगावं अशी त्याची लायकी नाही.

दुखणं असं, की वर्षातून एक-दोनदा ती विझून जायची. अंथरुणातून उठवत नसे, केसाला फणी लागत नसे, समोरचा घास तोंडापर्यंत नेणंही जिवावर यायचं. ताई तिला गाडीत घालून जुन्या डॉक्टरांकडे न्यायची आणि सगळं बोलणंही स्वतःच उरकायची. डॉक्टर आठ मिनिटांत उदासीवरची गोळी लिहून द्यायचे. महिना-दीड महिन्यात मास्तरीण उठायची, पण ती नुसती उठून थांबायची नाही. तीन तास झोपून टवटवीत! मालकाची नक्कल करून अख्खा कारखाना हसवायची, आठवड्यात वीस नवे पॅटर्न काढायची, तिघांचं काम एकटी उपसायची. "आली गं बाई माझी छोटी पहिल्यासारखी!" म्हणत ताई डोळे पुसायची. मालक तर मोठ्या ऑर्डरी या दिवसांसाठीच राखून ठेवायचा. जुन्या डॉक्टरांनी कधी विचारलंच, की एरवी कशी असते, तर ताई कौतुकाने सांगायची, "मधे मधे अगदी छान असते हो!" डॉक्टर मान हलवायचे आणि तीच गोळी पुढे चालू. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

छान असतानाच तिने एकदा घरातला पलंग रस्त्यावरच्या अनोळखी बाईला देऊन टाकला होता. छान असतानाच मध्यरात्री शेजारणीचं दार लाथांनी वाजवलं होतं. पण त्याला कोणी आजार म्हणत नसे. त्याला म्हणायचे स्वभाव.

मग एके वर्षी परिचारिकांच्या गणवेशांची ऑर्डर आली. मास्तरीण तीन दिवस झोपली नव्हती, आणि तिला साक्षात्कार झाला की सगळा धंदा मूर्खांनी भरलाय. शिलाईसाठी कडेला कापड सोडायचंच कशाला? नुसती नासाडी! तिने माया न सोडता, आखल्या रेघेवर नेमकं, सहाशे चाळीस झग्यांचं कापड कापलं. खरी गंमत पुढेच आहे. शिवणाऱ्या एकवीस बायकांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, की हे अंगात जाणार नाही. पण मास्तरणीने कापलंय म्हणजे काहीतरी डोकं लढवलं असणार, असं म्हणून एकवीसही जणींनी माना खाली घातल्या आणि सगळेच्या सगळे झगे शिवून टाकले. एकही झगा कुणाच्या खांद्यावरून खाली उतरेना.

त्यानंतर ती जी खाली आली, ती पार तळाला. तिथून वर येता येता तिने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट ताईला न विचारता केली. एका नव्या डॉक्टरबाईंकडे एकटीच गेली.

या बाईंनी रडण्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "आता हसण्याचं सांगा."

 अकरा वर्षांत मास्तरणीला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि तिला ते नीट आठवेनाही. किती दिवस, किती वेळा, कुठल्या महिन्यात. मग तिला पॅटर्नची आठवण झाली. कारखान्याचा रिवाज होता, की पॅटर्न काढला की त्यावर तारीख घालून सही करायची, आणि बिघडलेला पॅटर्नसुद्धा टाकायचा नाही, खिळ्याला लटकवून ठेवायचा. पुढच्या खेपेला ती आपल्या सहीचे सगळे पुठ्ठे गठ्ठा बांधून घेऊन गेली आणि तारखांप्रमाणे बाईंच्या खोलीभर मांडत सुटली. एका मार्चमधले तेवीस. मग सहा महिने एकही नाही. मग तीन आठवड्यांत एकतीस, त्यातल्या शेवटच्या सातांवरचं अक्षर तिचं तिलाच लागेना. पुन्हा रिकामी फरशी. असं भिंतीपासून दारापर्यंत.

डॉक्टरबाई उभ्या राहून बघत होत्या. "ही नुसती उदासी नाही," त्या म्हणाल्या. "याला दोन टोकं आहेत. बायपोलर. एका टोकाला औषध मिळत होतं आणि त्यानेच बहुधा दुसरं टोक पेटत होतं."

"अकरा वर्षं?" मास्तरीण म्हणाली, आणि तिने टेबलावर असा हात आपटला की पेनं उडाली. "अकरा वर्षं माझं वाटोळं होत होतं आणि सगळे टाळ्या वाजवत होते?"

बाईंनी तिला शांत व्हा म्हटलं नाही. पेनं उचलली आणि वाट बघितली. त्या एका गोष्टीसाठी मास्तरीण त्यांच्याकडे परत गेली.

योग्य औषध काही एका दिवसात सापडलं नाही. पहिल्याने ती दिवसभर पेंगायची. दुसऱ्याने अंगावर चट्टे उठले. तिसरं लिथियम, सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. ते लागू पडलं, पण ते रक्तात किती आहे हे दर काही महिन्यांनी तपासावं लागायचं. कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. गोळ्या घरातल्या कुणीतरी भरून द्याव्यात असं बाईंनीच सुचवलं, आणि ताईने सात कप्प्यांची डबी आणली. दर रविवारी ती डोळ्यांत तेल घालून डबी भरायची.

दीड वर्ष गेलं. मास्तरीण रोज सात तास झोपायची, रोज पंचेचाळीस थर कापायची, ना जास्त ना कमी. तिचा एकही झगा परत आला नाही. तिला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, बरं झालं. छे! मालक म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्यात ती मजा राहिली नाही." ताई म्हणायची, "थंडच झालीस गं अगदी." आणि मास्तरणीने कशावरही तोंड उघडलं की सगळ्यांचं एकच पालुपद. कटिंग मशीनच्या पात्यावरचं संरक्षक कव्हर तुटलं होतं, ती मालकावर ओरडली की एखाद्याचं बोट जाईल. मालकाने ताईकडे वळून हळूच विचारलं, "आज गोळी घेतलीय ना हिने?" कव्हर तसंच राहिलं. वेड्या माणसाचा राग फार सोयीचा असतो. त्याला उत्तर द्यावं लागत नाही.

मग कधीतरी तिची झोप सहा तासांवर आली. मग पाच. एका आठवड्यात तिने सात पॅटर्न काढले आणि पाठोपाठ लिहिलेल्या त्या तारखा बघून तिने पेन्सिल खाली ठेवली. मालक खुशीत होता. ताई स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती. "आज किती छान दिसतेयस!" ती म्हणाली, आणि मास्तरणीने दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन रक्त दिलं.

रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "निम्म्यावर आलंय. गोळ्या चुकताहेत तुमच्या."

"एकही नाही."

"हे बघा, बरं वाटलं की माणसं गोळ्या सोडतात. तुम्ही काही पहिल्या नाही."

"एकही नाही चुकली, सांगतेय ना!"

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्या 'ठीक आहे'चा अर्थ मास्तरणीला पाठ होता. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. एक माणूस होतं जगात, तेही गेलं.

घरी ताई नव्हती. दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं. मास्तरणीने डबी उघडली आणि सगळ्या गोळ्या ताटात ओतल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल. पण अर्ध्या सुताचा फरक ओळखणारी नजर होती ती, फक्त इतके दिवस तिने ती गोळ्यांवर लावली नव्हती. बहिणीने भरलेली डबी कोण तपासतं? निम्म्या गोळ्या सपाट होत्या. उरलेल्यांच्या मधोमध रेघ होती, आणि त्या केसभर मोठ्या होत्या. तिने कपाट उपसलं. तांदळाच्या डब्यामागे कॅल्शियमची बाटली सापडली, अर्धी रिकामी.

ताई पिशव्या घेऊन आत आली, ताट बघितलं आणि उंबऱ्यातच थांबली.

"हे काय आहे?" मास्तरणीने विचारलं.

"काय असणार? तुझ्या गोळ्या."

"ताई."

"दुकानदाराने दिल्या असतील चुकून..."

"ताई!"

ताईने पिशव्या खाली ठेवल्या. "संध्याकाळचीच फक्त," ती म्हणाली. "सकाळची मी कधी हलवली नाही, शपथ. मालक म्हणाले चार हजार गणवेश आहेत, जरा सैल सोडा तिला. पण मी मालकासाठी नाही केलं गं. दीड वर्ष झालं, तू पोट धरून हसली नाहीस. मला वाटलं, थोडंसं. अगदी थोडंसंच वर. मग परत चालू करणार होते."

"थोडंसं वर! मी काय पंखा आहे, बटण फिरवून वेग ठरवायला?" मास्तरणीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "तळाला मी गेले होते, तू नाही! छतावरून उडी मारायचं मनात आलं होतं ते माझ्या! आणि बाईंपुढे खोटी कोण पडली आज? मी! तू नाही!"

ताई एक पाऊल मागे सरली, आणि तिच्या तोंडून तेच आलं, जे अकरा वर्षांच्या सवयीने यायचंच. "बघ, बघ कसा आवाज चढलाय. चढतंय तुला. थांब, मी डॉक्टरांना फोन करते."

मास्तरणीलाच शंका आली. खरंच चढत असेल तर? झोप खरंच कमी झाली होती. डोकं धावत होतं. हा राग आपला की आजाराचा, हे चाचपून बघायला ती मनात उतरली आणि तिला फरक सापडेना. गोळ्या पुऱ्या मिळत होत्या तेव्हा सापडला असता. मग तिला समजलं की ताईने गोळ्या नव्हे, ही पारख पळवली होती, आणि तिचा राग दुप्पट झाला.

"कर," ती म्हणाली. "आत्ता कर. आवाज मोठा ठेव, मलाही ऐकू दे."

ताईला आता मागे फिरता येईना. तिने फोन लावला. "डॉक्टर, मी मास्तरणीची बहीण. ती फार चिडलीय हो. ओरडतेय."

"कशावर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

ताईने मास्तरणीकडे बघितलं. मास्तरीण बोटसुद्धा न हलवता उभी होती.

"कशावर चिडल्यात त्या?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"मी..." ताई म्हणाली, "मी तिची संध्याकाळची गोळी बदलत होते. चार महिने. तिला माहीत नव्हतं."

 मग बाई म्हणाल्या, "फोन त्यांना द्या." आणि मास्तरणीला म्हणाल्या, "तुम्ही सकाळी खरं सांगत होतात. मी ऐकायला हवं होतं. चुकलं माझं. आता मला सांगा, तुम्हाला काय वाटतं? चढतंय का?"

"थोडं चढतंय," मास्तरीण म्हणाली. "आणि मी चिडलेही आहे. दोन्ही आहे."

"असू शकतं दोन्ही. आज नेहमीची गोळी नेहमीइतकीच घ्या, भरपाई म्हणून दोन नकोत. उद्या सकाळी या."

फोन ठेवला तेव्हा ताई जमिनीवर बसून रडत होती. रडणाऱ्या ताईला जवळ घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा, हे मास्तरणीच्या हाडीमाशी होतं. तिने ते केलं नाही. तिने नव्या पाकिटातून स्वतःच्या हाताने गोळी काढली, उजेडात धरून बघितली, ग्लासभर पाण्याबरोबर घेतली आणि पाकीट आपल्या पर्समध्ये टाकलं.

"मला माझी बहीण परत हवी होती गं," ताई हुंदके देत म्हणाली.

"ही काय, समोर उभी आहे," मास्तरीण म्हणाली. "रोज पंचेचाळीस थर कापते, सात तास झोपते, आणि आत्ता तुझ्यावर भयंकर चिडलीय. तुला आवडते ती माझा आजार होती, ताई. तिची वाट बघायची असेल तर या घरात बघू नकोस."