ही ओळ कुणाची?

"ही ओळ कुणी लिहिली आहे?" हेडमास्तरांनी विचारलं.

उत्तर भिंतीवरच्या पडद्यावर वीतभर अक्षरांत दिसत होतं, तरी विचारलं. टेबलाभोवतीच्या नऊ जणांनी आधी पडद्याकडे आणि मग खिडकीपाशी बसलेल्या कमेंटकाकूंकडे पाहिलं. काकूंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"नाव माझं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"दिसतंय म्हणजे? कॉम्प्युटर खोटं बोलतो का, काकू?"

दोघंतिघं हसले.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं सॉफ्टवेअर डायलिसिस केंद्रांच्या रोजच्या याद्या बनवायचं. कुणाला कधी, कोणत्या मशीनवर घ्यायचं ते. एकोणतीस फेब्रुवारीला याद्या कोऱ्या निघाल्या. एका केंद्रात अकरा माणसं सकाळपासून बाकावर ताटकळली, आणि त्यातल्या एका आजोबांना संध्याकाळी दवाखान्यात भरती करावं लागलं. नशीब, वाचले. सगळं घडलं ते लीप वर्ष विसरलेल्या एका ओळीमुळे. बैठक संपली आणि काकूंना कोडवरून काढून हॉलच्या टोकाला, मदतीच्या फोनवर बसवलं गेलं.

हेडमास्तर हे कोड लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुखाला ऑफिसने ठेवलेलं नाव. माणूस हुशार, कामाला वाघ, पण मतं इतकी की ऐकणाऱ्याला धाप लागावी. कोड लिहायची जावा भाषा म्हणजे पाल्हाळ. चूक झाली की तोंडावर सांगते ती खरी भाषा. गप्प बसून चुकीचं उत्तर देते ती अस्तनीतला निखारा. ओळ आत सरकवायला चार स्पेस द्यायच्या. टॅब दाबणारा माणूस जेवतानाही मचमच करत असणार. दुसऱ्याने तपासल्याशिवाय एक अक्षर पुढे जाता कामा नये. असे बारा नियम त्यांनी छापून भिंतीवर लावले होते. सातवा होता: कमेंट, म्हणजे कोडमध्ये वाचणाऱ्यासाठी घातलेली टीप, लिहू नये. "कोड नीट लिहिता येत नाही, तो कमेंट लिहितो. कमेंट म्हणजे कुबडी."

काकू कोडच्या वर पत्र लिहावं तशा कमेंट लिहायच्या. 'पुढे येणाऱ्याने इथे जपून.' 'हे का केलं ते खाली सांगते.' कमेंटकाकू हे नाव हेडमास्तरांनीच ठेवलं होतं, आणि ते गावभर झालं याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

बैठकीनंतर चार दिवसांनी ते स्वतः ती ओळ दुरुस्त करायला बसले. ती फाइलमध्ये कधी आली हे पाहायला त्यांनी जुनी नोंद उघडली. कॉम्प्युटर नाव दाखवतो ते ओळीला शेवटचा हात लावणाऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी सगळ्या जुन्या फाइलींत टॅब काढून चार स्पेस करायचं हमालीचं काम त्यांनीच काकूंच्या गळ्यात मारलं होतं. नऊ हजार ओळी. त्या प्रत्येक ओळीवर काकूंचं नाव चढलं होतं.

ते आणखी मागे गेले. ओळ त्यांची स्वतःची होती, तीन वर्षांपूर्वीची. त्यानंतर महिन्याभराने तिच्यावर काकूंची एक कमेंट आली होती: 'सावधान. ही ओळ लीप वर्षात चुकेल, २९ फेब्रुवारीला यादी कोरी येईल. लिहिणाऱ्याला सांगितलं आहे.' पुढच्या नोंदीत ती कमेंट गायब होती. काढणाऱ्याने कारण लिहिलं होतं, 'फालतू कमेंट काढल्या.' काढणारेही तेच होते.

सांगितलं आहे. कधी सांगितलं, त्यांना आठवेना. ऐकलंच नसेल तर आठवणार काय? त्यांचे कान तापले. कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि आपण वळून पाहिलं याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते फोनच्या टेबलाशी गेले. काकू डबा उघडत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. उत्तर हवं असतं तर माझ्याजवळ येऊन विचारलं असतंत."

"आणि कमेंट... परत का नाही लिहिलीत?"

काकूंनी डब्याचं झाकण पालथं ठेवलं. "लिहिणार होते. तेव्हाच तुम्ही म्हणालात ना, कमेंट लिहिणाऱ्याला कोड येत नाही म्हणून. सगळे हसले. मग मलाच लाज वाटली. अकरा माणसं बसून राहिली हो, त्यात माझीही चूक आहेच. जेवलात का तुम्ही?"

ते साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. "केंद्रांना आपण कळवून बसलोय, संबंधित व्यक्तीला हलवलं म्हणून. आता नाव बदललं तर आपलीच शोभा. झाकली मूठ राहू द्या."

हेडमास्तरांनी मूठ झाकली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याने त्यांची दोन रात्रींची झोप उडवली. आठ दिवस ते गप्प राहिले. त्यांच्याच व्याख्येप्रमाणे ते अस्तनीतला निखारा होते.

नवव्या दिवशी त्यांनी दुरुस्त ओळीच्या वर आयुष्यातली पहिली कमेंट लिहिली: 'ही ओळ मी चुकवली होती. मला आधीच सांगितलं गेलं होतं. ते सांगणंही मीच पुसलं.' खाली, सांगणाऱ्या म्हणून, काकूंचं पूर्ण नाव टाकलं आणि काम तपासायला पाठवलं.

तासाभरात ते परत आलं. तपासणारी मुलगी नवीन होती आणि नियमांची पक्की.

"सर, कोड बरोबर आहे," ती जागेवरूनच म्हणाली. "पण कमेंट आहे. सातव्या नियमात बसत नाही. काढू ना?"

काढ म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"नको," ते म्हणाले आणि उभे राहिले. हॉलमधली टकटक थांबली. उभं राहिल्यावर हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. ओळ कुणाची, कमेंट कुणाची, ती कुणी पुसली, कुणाच्या कामामुळे कुणाचं नाव चढलं, हे सगळं त्यांनी सांगितलं. आवाज नेहमीसारखा लागला नाही. सांगून झाल्यावर कुणी हसलं नाही, कुणी वरही पाहिलं नाही.

त्यांनी हॉलच्या टोकाला पाहिलं. काकू दोन्ही कानांवर हेडफोन लावून, पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. कुठल्याशा केंद्राचा फोन चालू होता.

"हो, कळतंय मला," त्या कुणाला तरी समजावत होत्या. "बरोबर आहे तुमचं रागावणं. चूक माझ्याकडूनच झाली. आता नाही होणार."