एका खोलीचं सामान

बायको गेल्यावर मेहुणी मदतीला म्हणून आली आणि राहिली. घर दोघी बहिणींच्या नावावर, त्यांच्या वडिलांकडून आलेलं. त्यामुळे तिला जा म्हणायची सोय नव्हती. खाली आम्ही राहायचो आणि वरच्या दोन खोल्या एक-दोन रात्रींसाठी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचो. ते सगळं बायको बघायची. माझ्याकडे नळ, दिवे आणि पाहुण्यांच्या बॅगा वर नेणं एवढंच काम होतं.

मेहुणीने शिलाई मशीनच्या खोलीत आपली गादी टाकली आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या खोल्या बघायला निघाली.

“भावोजी, याला काय म्हणायचं?”

“पडदे.”

“मला वाटलं पोती वाळत घातलीत.”

“तुझ्या बहिणीने शिवलेत ते.”

“तेच म्हणते. तिला शिवणं कधी जमलंच नाही. शाळेत असताना माझ्याकडून करून घ्यायची.”

मी खाली निघून आलो. ती मागोमाग आली आणि माझ्या खोलीच्या दाराशी थांबली.

“खरं तर पाहुण्यांना द्यायला ही सगळ्यात चांगली खोली. उजेड आहे, मागे बाग आहे. तुम्ही एकटे. मशीनच्या खोलीत आरामात मावाल. मी झोपेन कुठेही.”

“नाही.”

“ऐकून तरी घ्या.”

“नाही म्हटलं ना. या खोलीत पाय ठेवायचा नाही.”

बायको या खोलीत आजारी होती आणि याच खोलीत गेली. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा चष्मा, गोळ्यांचा डबा, कंगवा आणि हाताला लावायच्या मलमाची अर्धी ट्यूब होती. ती ठेवून गेली तसं सगळं होतं. मी तिथली धूळसुद्धा पुसत नव्हतो.

मग मेहुणी वर कामाला लागली. खर्च करायचा नाही, पण बुकिंगच्या साइटवरच्या फोटोत छान दिसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. जुनं कपाट तिने घासून पांढरं रंगवलं. दारांना फुलाफुलांचा चिकटकागद लावला. त्याला फुगे आले ते टाचणीने फोडले. स्वयंपाकघरातली स्टुलं पलंगाशेजारी गेली. भंगारवाल्याकडून एक आरसा आणून खिडकीसमोर टांगला, म्हणजे खोली मोठी वाटते म्हणे. पडद्याच्या दांड्या काढून पार छताजवळ लावल्या, म्हणजे खिडकी उंच वाटते.

“शिडी धरा. तोंड नको.”

“मी काही बोललो का?”

“तुमचं तोंड बघूनच कळतं.”

एक दिवस ती बाजारातून पिशवी घेऊन आली. त्यात एक गडद निळी चादर, दोन पिवळ्या उशा, एक दिवा, एक छोटा गालिचा आणि एक रोपाची कुंडी.

“खोल्या दोन आहेत,” मी म्हणालो.

“फोटो एका वेळी एकाच खोलीचा निघतो.”

पहिल्या खोलीत तिने सगळं मांडलं, फोटो काढले. मग तेच सामान दुसऱ्या खोलीत नेलं, तिथले काढले. मी जिन्यात उभा राहून बघत होतो.

“आणि दोन्ही खोल्या एकदम भरल्या तर?”

“कधी भरल्यात? गेल्या वर्षभरात एकदा तरी? ज्या खोलीत पाहुणा, त्या खोलीत सामान.”

भरल्या नव्हत्या हे खरं होतं. पण तेव्हा फोटोही असे नव्हते. एका शनिवारी दोन्ही खोल्या भरल्या.

दुपारी एक जोडपं आलं. त्यांना सामान मांडलेली खोली मिळाली. चहाच्या वेळी एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. दुसरी खोली बघून त्याने फोन काढला.

“यात निळी चादर आहे. ती कुठाय?”

“धुवायला गेलीय,” मेहुणी म्हणाली.

“आणि दिवा?”

मेहुणी पलंगावरची जुनी चादर ताणून सारखी करायला लागली.

“दिवा पण धुवायला गेला?”

मला हसू आवरलं नाही. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो ते मेहुणी तोंडावर आपटली म्हणून. तिने माझ्याकडे असं पाहिलं की शिडीवर असती तर हातोडी फेकून मारली असती. जोडपं बाहेर गेल्यावर तिने त्यांच्या खोलीतला दिवा आणि एक उशी काढून आणली. कुणाला विचारलं नाही.

तेवढ्यात खालची बेल वाजली. दारात एक बाई होती, मोठी बॅग, चेहरा प्रवासाने आंबलेला.

“बागेकडची खोली,” ती म्हणाली.

“अशी खोली नाही आमच्याकडे.”

तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. माझा पलंग होता. त्यावर निळी चादर, पिवळ्या उशा. खिडकीचा कट्टा पुसून लख्ख केलेला, त्यावर नुसती कुंडी.

मी जिन्याकडे तोंड करून ओरडलो, “ए! खाली ये!”

ती आली. फोन बघून तिला कळलं.

“कधी काढलास?”

“तुम्ही नळाचा वॉशर आणायला गेलात तेव्हा.”

“आणि खिडकीतल्या वस्तू?”

“ट्रेमध्ये घालून स्वयंपाकघरात ठेवल्या. झाल्यावर परत ठेवल्या. जशाच्या तशा.”

“तुला मी सांगितलं होतं—”

“कळलं का तुम्हाला? इतके दिवस झाले, कळलं का?”

नव्हतं कळलं. अंगाची आग झाली ती त्यामुळे. रोज झोपताना मी त्या चष्म्याकडे बघायचो. मला वाटायचं, तिने काढून ठेवला तो तसाच आहे. तो मेहुणीने ठेवलेला होता.

“तुमचं घरचं नंतर बघा,” पाहुणी म्हणाली. “खोली आहे की नाही?”

“आहे,” मेहुणी म्हणाली.

“नाही,” मी म्हणालो आणि जाऊन खोलीच्या दारात उभा राहिलो. “मी मेल्यावर दे.”

“भावोजी, ऐन वेळी नाही म्हटलं तर साइटवर आपण तळाला जाऊ. वरच्या खोल्याही कुणी घेणार नाही. ताईने इतकी वर्षं चालवलंय हे.”

“ताईचं नाव काढू नकोस. तिचा चष्मा खरकट्या भांड्यांजवळ ठेवलास.”

“भांडी घासलेली होती! आणि ती तुमची बायको व्हायच्या आधी माझी बहीण होती. एवढे महिने या घरात आहे मी. एकदा तरी आत बसू दिलंत मला?”

“बसायचं होतं तर विचारायचं.”

“विचारलं असतं तर बसू दिलं असतंत?”

“नाही.”

“मग!”

पाहुणी माझ्या खांद्यावरून आत डोकावत होती. तिला गोळ्यांचा डबा दिसला असावा.

“इथे कुणी आजारी आहे का?”

“होती,” मी म्हणालो.

ती मागे सरकली. “मला नको ही खोली. दुसरं काहीही द्या, फक्त झोपायला जागा द्या.”

मेहुणीने आपली खोली तिला दिली. मशीन भिंतीला ढकललं, गादी झटकली, कपाटातली जुनी चादर घातली. पाहुणीने चादरीचं टोक दोन बोटांनी उचललं.

“निळी नाही का?”

“धुवायला गेलीय,” मी म्हणालो.

मेहुणी स्वयंपाकघरात दोन खुर्च्या जोडून झोपली. मी तिला हॉलमध्ये झोप म्हटलं नाही, तिनेही विचारलं नाही. त्याआधी मी समोर उभं राहून तिला माझ्या खोलीचे फोटो साइटवरून काढायला लावले. फोनमधले काढ म्हटलं तर म्हणाली, “फोन माझा आहे.”

रविवारी मी कुलूप आणलं, दारातच बसवायचं. एकट्याने जमेना. ड्रिल दाबलं की दार मागे जायचं. ती न बोलवता आली आणि दाराला खांदा लावून उभी राहिली.

“तिरकं जातंय.”

“धर नीट.”

“धरलंय. तुमचाच हात तिरका आहे.”

खरंच तिरकं बसलं, पण लागत होतं. कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या. तिने हात पुढे केला.

“एक द्या.”

“कशाला?”

“उद्या तुम्ही आत मरून पडलात तर दार फोडायचं का?”

मी दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या. “फोड. अर्धं तुझंच आहे.”

“अर्धंच फोडीन मग,” ती म्हणाली, आणि खाली पडलेला लाकडाचा भुसा काढायला झाडू आणायला गेली.