बाकाचा पाय कोणी मोडला?

मी एक जुना, बुटका बाक आहे. बाक म्हटलं की तुम्हाला वाटेल, असेल बिचारा, कुणीही यावं आणि बसावं. मित्रांनो, मी तसला नाही. माझ्या मनात राग राहतो आणि चांगला मुरतो. ज्याने माझं वाईट केलं, त्याचं उट्टं काढल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मला घडवणाऱ्या सुताराने तीन पाय मन लावून ठोकले. चौथ्याच्या वेळी त्याचा चहा आला. मग तो पाय कसाबसा बसवला आणि वर माझी पाठ थोपटून म्हणाला, "शंभर वर्षं टिकेल!" तो सुतार पुन्हा माझ्या तावडीत सापडला नाही, याची मला आजही चुटपुट लागून आहे.

पुढे मी चपलांच्या दुकानात लागलो. गिऱ्हाईक माझ्यावर पाय ठेवायचं आणि दुकानदार चप्पल चढवायचा. हजारो पायांचे वास मी निमूट सोसले. "या बाकाचा पायगुण चांगला," असं दुकानदार येईल त्याला सांगायचा. मग त्याने गुबगुबीत गादीची खुर्ची आणली आणि मला उचलून फुटपाथवर ठेवलं. जाता जाता मी त्याच्या नव्या पँटमध्ये खिळा अडकवला. खिशापासून गुडघ्यापर्यंत टर्रकन आवाज झाला. तो आवाज आठवला की मला अजून बरं वाटतं.

फुटपाथवरून मला गोटीच्या आईने घरी आणलं. आई घरीच पडदे शिवते. गोटी साडेचार वर्षांची. शिवणयंत्राशेजारी मला ठेवून आई दर आठवड्याला गोटीसाठी नवा खेळ मांडायची. पाण्याच्या आठवड्यात माझ्यावर घमेलं ठेवून काय बुडतं आणि काय तरंगतं ते बघायचं. चाकांच्या आठवड्यात मी बस झालो, बटणं तिकिटं झाली, आणि गोटी तिकिटं मोजून द्यायची. मी ओला झालो, खरकटा झालो, रंगलो, पण एकदाही रागावलो नाही. इतकी वर्षं माझ्यावर नुसते पाय ठेवले गेले होते. गोटी माझ्यावर गाल ठेवायची.

मग आला दवाखान्याचा आठवडा. आईने पुठ्ठ्याची अक्षरं कापली आणि ती सगळी पेशंट झाली. पोटफोड्या ष च्या पोटावर पट्टी. ट च्या पाठीत उसण. ढ ला काही झालं नव्हतं, त्याला कुणीतरी चिडवलं होतं, म्हणून त्याला नुसतं गोंजारायचं. गोटी एकेकाला नावाने हाक मारून तपासायची. तीन दिवसांत तिला वीस अक्षरं ओळखता यायला लागली.

त्याच आठवड्यात आत्या राहायला आली. आत्या म्हणजे गोटीच्या बाबांची थोरली बहीण, पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. दुपारी आई पडदे पोचवायला गेली, आणि आत्याने माझ्यावरचे पेशंट गोळा करून डब्यात कोंबले.

"हा काय पोरखेळ! ये इकडे. आपण जोडाक्षरं शिकू."

तिने माझ्यावर वही उघडली. लाल पेनाने 'बाक' लिहिलं, क च्या खाली बाण काढला आणि सवयीने शेजारी लिहिलं : पाय मोड. मोठी माणसं अर्ध्या अक्षराला असंच म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहे. गोटीला कुठून असणार?

"आता याचा पाय मोड," आत्या म्हणाली.

"कुणाचा?"

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. "अगं, बाकाचा! मोड पटकन, मी आलेच."

"त्याला दुखेल ना."

"काही दुखत नाही. सांगितलेलं ऐकावं!" असं म्हणत आत्या गॅलरीत गेली.

गोटीने मला उलटं केलं. माझे पाय एकेक करून हलवून बघितले. सुताराने घाईत ठोकलेला तो पाय सापडला, त्यावर ती डोळे मिटून बसली, आणि काडकन आवाज झाला. ती रडत होती, मित्रांनो. "सॉरी, आत्याने सांगितलंय," असं मला म्हणत होती.

आत्याने येऊन कपाळाला हात लावला. आई आल्यावर गोटी म्हणाली, "आत्यानेच सांगितलं."

"मी? मी असं कशाला सांगेन? अगं, पोरगी तोडफोड करते आणि वर खोटंही बोलते. तुझ्या या खेळांनीच शेफारलीय."

इथपर्यंत मी आत्याला माफ केलं असतं. तिला खरंच कळलं नव्हतं. पण संध्याकाळी ती वही उघडून बसली, बाणाकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि वही गुपचूप आपल्या पिशवीत घातली. आईने वही कुठे आहे असं विचारलं तेव्हा म्हणाली, "हरवली वाटतं." त्या क्षणापासून मी तिच्यावर डूख धरला.

आईने माझ्या मोडक्या कोपऱ्याखाली रंगाचा रिकामा डबा लावला आणि मला दाराशी ठेवलं. गोटीने अक्षरांना हात लावणं सोडलं. आईने नवा खेळ मांडला तरी ती म्हणायची, "मी नाही. माझ्याकडून मोडतं." अकरा दिवस मी हे ऐकलं. त्या अकरा दिवसांत माझ्यावर पोस्टमन बसला, शेजारचे जाडे काका बसले. मी सगळ्यांना सांभाळलं. मी एकीचीच वाट बघत होतो.

बाराव्या दिवशी आत्या बूट घालायला बसली. मांडीवर पिशवी घेऊन ती वाकली, आणि मी डबा सोडून दिला.

आत्या पडली, पिशवी पडली, आतलं सगळं जमिनीवर पसरलं. आई धावत आली. आत्या घोटा धरून ओरडली, "या मेल्या बाकाने माझा पाय मोडला!"

गोटी दारात उभी होती. तिने आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "त्याला कुणी सांगितलं होतं, मोड म्हणून?"

आई पसरलेलं सामान गोळा करत होती. आईच्या हातात ती वही होती. तिने पान उघडलं. लाल अक्षरं, बाण, पाय मोड.

"ताई, ही हरवली होती ना?"

आत्याने मान खाली घातली. "मीच म्हणाले होते गं. पस्तीस वर्षं शिकवलं मी. कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

"मला नका सांगू. तिला सांगा."

आत्याला ते जड गेलं. पण तिने सांगितलं. "गोटी, चूक माझी होती. तू खोटं बोलली नव्हतीस."

गोटी आत पळाली आणि कापूस, पट्टी घेऊन आली. आत्याने सुजलेला पाय पुढे केला. गोटी तिला ओलांडून माझ्यापाशी येऊन बसली.

"थांब आत्या. आधी याचा नंबर आहे."

आणि आत्या थांबली. पाय तसाच पुढे धरून, माझी पट्टी बांधून होईपर्यंत.

ती पडली तेव्हा मला मजा आली, हे कशाला लपवू? पण मित्रांनो, माझं उट्टं निघालं ते ती 'चूक माझी' म्हणाली तेव्हा. म्हणून मोठ्यांना एकच विनवणी आहे. लहानांनी तुमचा शब्द पाळला आणि काही मोडलं, तर तो शब्द तुमचाच होता हे कबूल करा. आणि करणार नसाल, तर बसण्याआधी खाली नीट बघून घेत जा.