लाल पेन्सिलीचे पुठ्ठे

दवाखान्यात फायली सांभाळणाऱ्या त्याला सगळे फायलोबा म्हणत. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी नुसत्या वासावरून तो काविळीची फाइल कुठली नि मोडल्या हाडाची कुठली ते सांगतो, अशी ख्याती होती. ती पसरवली अर्थात त्यानेच.

आज मात्र त्या नाकाला कोणी विचारत नव्हतं. आत टेबलावर त्याची बायको, अपेंडिक्स फुटलेलं. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवत होत्या.

"काका, इथे स्वच्छ आहे. कुठल्याच औषधाचं वावडं नाही."

"आहे हो! धाकटीच्या बाळंतपणात एक इंजेक्शन दिलं, तर ही शाईसारखी निळी पडली होती."

"कोणतं इंजेक्शन?"

फायलोबाला सत्तर हजार फायली तोंडपाठ, आणि घरचं एक नाव आठवेना.

"काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, पांढऱ्या बाटलीतलं," बाई म्हणाल्या. "सगळ्याच बाटल्या पांढऱ्या आहेत."

वावडं नेहमी लाल पेन्सिलीने फाइलीच्या पुठ्ठ्यावर लिहीत, बाहेरून, चटकन डोळ्यांत भरावं म्हणून. आत नुसता ताप आणि वजन. फायली संगणकात भरायच्या ठरल्या तेव्हा पुठ्ठे यंत्रात जाईनात. मग तीन महिने ते एकेक फाडून मागच्या शेडमध्ये कोणी टाकले? फायलोबानेच, याच हातांनी.

"वीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "त्यापुढे मी थांबू शकत नाही."

शेडमधला ढीग एवढा उंच, की माथ्यावर चढल्यावर छपरावरची कबुतरं पायाखाली दिसत. ना वर्षाचा क्रम, ना आडनावाचा. त्याने नाक खुपसलं. सगळीकडे धुळीचाच वास. मग तो वेड्यासारखा दोन्ही हातांनी उकरू लागला. नखं फुटली. तिचं नाव काही सापडेना.

शेवटी शर्टाची झोळी करून तो धापा टाकत परत आला.

"यात काकूंचा आहे?"

"नाही. पण पुठ्ठ्यावरचं साल बघून, धाकटीच्या वेळच्या दोन-तीन वर्षांत इथे ज्याला जे सोसलं नाही, त्यातलं हाताला लागलं तेवढं आणलंय. यातलं एकही देऊ नका, पाया पडतो!"

बाईंनी भराभर वाचलं. "माझं निम्मं कपाट आहे यात. मग झोपवता येणार नाही. कमरेखाली बधिर करते."

"आणि तेच नेमकं वावड्याचं निघालं तर?"

"ते मलाही माहीत नाही, काका. दाराबाहेरून त्यांना बोलतं ठेवा. बोलणं अडखळलं तर मला लगेच कळेल."

दार लागलं.

"काय बोलू हो?" आतून बारीक आवाज आला.

"काहीही. माझ्या तक्रारी सांग!"

तिने थेट लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली. साडीची जर कशी खोटी निघाली, मोठे दीर कसे रुसले, सासूबाई सगळ्यांदेखत काय म्हणाल्या...

आणि आवाज थांबला.

"मग? काय म्हणाली आई?" त्याने दारावर थाप मारली. "अगं, सांग ना! काय म्हणाली?"

आत काहीतरी धातूचं खणकलं.

"अगं ए!"

"...श्वास तरी घेऊ द्या."

फायलोबा होता तिथेच फरशीवर बसला. "घे," तो म्हणाला. "आधी घे. मग सांग."